नावाची सागवानी पाटी: सीएनसी राउटर आणि हातची हत्यारे

सोलापुरात उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर जातो आणि लाकूड आकसून वाकते, म्हणून वखारीतून आणलेली सागाची फळी काही आठवडे घरातच सावलीत मुरू द्यावी. नंतर रंध्याने ती सपाट करून गुण्याने काटकोन तपासावा. फळीच वाकडी असेल, तर सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेनुसार लाकूड कोरणारे यंत्र, अक्षरे कुठे खोल, कुठे उथळ कोरते.

बाहेरचा आकार कापण्यासाठी दोन धारांचे 6 मिलिमीटरचे बिट (यंत्रात बसवायचे फिरते पाते) घ्यावे. बिटाचे फेरे मिनिटाला 18,000 आणि सरकण्याचा वेग मिनिटाला 1,800 मिलिमीटर ठेवल्यास प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक धार 0.05 मिलिमीटर लाकूड काढते. सरकण्याचा वेग फार कमी केला, तर बिट कापण्याऐवजी घासते, तापते आणि लाकूड करपते. नवशिके सावधगिरीच्या नावाखाली नेमकी हीच चूक करतात. छोट्या यंत्रावर कापण्याच्या एका खेपेत 2 ते 3 मिलिमीटरच खोली घ्यावी.

अक्षरांसाठी व्ही आकाराचे बिट योग्य. जोडाक्षरे आणि रफार बारीक असल्याने आधी टाकाऊ तुकड्यावर कोरून पाहावे. फळी शिकंज्याने घट्ट आवळावी, चष्मा व मुखपट्टी लावावी. उरलेले तंतू मात्र धारदार पटाशीनेच काढावेत.