बंद पडलेली जुनी ट्रायम्फ पुन्हा रस्त्यावर आणताना

इंग्लंडमधल्या मेरिडनच्या कारखान्यात १९६०च्या दशकात बनलेली ट्रायम्फ बॉनव्हिल ही मोटरसायकल वर्षानुवर्षं शेडमध्ये उभी असली, की ताडपत्री काढल्याबरोबर किक मारून बघायचा मोह होतो. तो आवरा. उभ्या उभ्या झाली नसेल एवढी इंजिनाची खराबी त्या पहिल्या पाच मिनिटांत होऊ शकते.

कारण ऑइल. या गाडीत ते इंजिनाच्या तळाशी साठवत नाहीत, उजव्या बाजूला सीटखाली तीनेक लिटरची वेगळी टाकी असते. पंप तिथून ऑइल ओढतो आणि तळाशी उतरलेलं परत टाकीत पाठवतो. गाडी उभी असताना टाकीतलं ऑइल अडवून धरायचं काम पंपातल्या बारीक गोळ्यांचं. गोळीखाली जरासा कचरा अडकला, की ऑइल झिरपत झिरपत क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, उतरतं. गिअरचा पंप असलेल्या नॉर्टन या दुसऱ्या ब्रिटिश गाडीची तर ही जुनीच खोड. भरलेल्या क्रँककेसवर इंजिन चालवलं की सील ढकलले जातात आणि ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, ऑइल बाहेर येतं.

म्हणून आधी खाली परात ठेवा आणि इंजिनाखालचा मोठा षटकोनी प्लग खोला. व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचे पाने जवळ हवेतच, मेट्रिक पाना घसरून नटाचे कोपरे खाऊन टाकतो. अर्धा कप ऑइल निघालं तर ठीक, मगभर निघालं तर पंप काढून गोळ्या आणि त्यांच्या बैठका साफ करा. प्लगवरची जाळी रॉकेलमध्ये धुऊन उजेडात नीट पाहा. काळा चिखल चालेल. चकाकणारे धातूचे कण दिसले तर पुढे जाऊ नका, इंजिन खोलावंच लागेल. टाकीही रिकामी करून धुवा आणि २०डब्ल्यू-५० मिनरल ऑइल भरा.

आता दोन्ही स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी टॉप गिअर टाकून मागचं चाक हातानं पुढेमागे हलवा. इंजिन जाम असेल तर किकवर उभं राहू नका, किकच्या गिअरचे दात तुटतात. पुन्हा ऑइल सोडा आणि धीर धरा. फिरायला लागलं, की प्लग काढलेल्या अवस्थेतच सावकाश किक मारत राहा, टाकीच्या तोंडातून आत परत येणारं ऑइल दिसेपर्यंत. क्लच चिकटलेला असतोच. लिव्हर दाबून किक मारली की प्लेटा सुटतात.

बॅटरी जोडताना सावध. या गाड्यांत प्लस चॅसिसला जातो. सवयीनं उलटी जोडलीत तर रेक्टिफायर (एसी विजेचा डीसी करणारा भाग) जळतो. ठिणगीची वेळ साधणारे इग्निशनचे पॉइंट बारीक पॉलिश पेपरनं पुसून ०.०१५ इंचाची फट ठेवा.

टाकीतलं जुनं पेट्रोल फेकायचं, आत गंज आहे का ते टॉर्चनं बघायचं. अमल कॉन्सेंट्रिक कार्बोरेटर असेल तर त्याचा पायलट जेट (कमी वेगावर पेट्रोल पुरवणारं बारीक भोक) बहुतेकांत आत ठोकून बसवलेला असतो, भोक जेमतेम ०.०१६ इंचाचं. नुसत्या फवाऱ्यानं ते उघडत नाही. गिटारची बारीक तार घालून हळूच फिरवा. गाडी रेस दिल्याशिवाय टिकत नसेल तर आधी इथेच बघा.

टायरला खाचा भरपूर असल्या तरी बाजूची तारीख वाचा. चारऐवजी तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाआधीचा आहे, काढून टाका. ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे धूळ हवेनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

सुरू करायचं ते उघड्यावर. कार्बोरेटरचा टिकलर, म्हणजे त्यात जादा पेट्रोल भरायचं छोटं बटण, पेट्रोल ओघळेपर्यंत दाबा. इंजिन लागताच ऑइलच्या टाकीचं झाकण उघडून बघा: परतीचं ऑइल आधी सलग, मग हवेच्या बुडबुड्यांसह उसळत आलं पाहिजे. मिनिटभरात आलं नाही तर लगेच बंद करा.

पहिली फेरी गल्लीतच मारा. गिअर उजव्या पायाला आहे आणि मागचा ब्रेक डाव्या. गर्दीत पाय जुन्या सवयीनं चालला तर ब्रेकऐवजी गिअर पडतो. भारतात ५० वर्षांपेक्षा जुनी दुचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण मग ती रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही.

पन्नासेक किलोमीटरनंतर इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, हेडचे बोल्ट तपासा, टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट इनलेटला ०.००२ आणि एक्झॉस्टला ०.००४ इंच ठेवा आणि ऑइल पुन्हा बदला. आतली सुटलेली घाण याच ऑइलबरोबर बाहेर पडते.