त्रिकुटात पेडल स्टील वाजवताना या चुका टाळा

पेडल स्टील म्हणजे आडवी ठेवलेली गिटार: तारांवर धातूचा बार सरकवायचा आणि पायाखालच्या पेडलांनी सूर बदलायचे. पाच-सहा जणांच्या बँडमध्ये ती वाजवणाऱ्याला मोठी सोय असते. कॉर्ड धरून ठेवायला गिटार किंवा पियानो असतो. गायकाची ओळ संपली की एक लांब मींड घ्यायची, कडव्याच्या शेवटी एखादा चढता सूर लावायचा, की आपलं काम झालं. सोबत फक्त बेस आणि ड्रम्स असले की ही सोय जाते. बेस मूळ सूर देतो, ड्रम्स ठेका देतात. पण कॉर्ड मेजर आहे की मायनर, साधा आहे की सेव्हन्थ, हे ऐकणाऱ्याला बहुतेक वेळा स्टीलकडूनच कळतं. त्रिकुटात होणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ एकच: मोठ्या बँडमधल्या सवयी तशाच घेऊन बसणं. खालचं सगळं दहा तारांच्या ई नाइन ट्यूनिंगला (तारा लावण्याच्या एका नेहमीच्या पद्धतीला) आणि ठरावीक तारांचा सूर चढवणाऱ्या नेहमीच्या ए-बी पेडलांना धरून लिहिलं आहे.

रिकामी जागा दिसली की भरत सुटणं

गिटार नाही म्हटल्यावर आपण दुप्पट वाजवायला लागतो. प्रत्येक कॉर्ड चार-चार तारांवर, प्रत्येक मोकळ्या मात्रेवर काहीतरी. त्याने गाणं भरल्यासारखं वाटत नाही, गुदमरतं. बेस मूळ सूर देतोच आहे, तो आपण पुन्हा देण्याची गरज नाही. कॉर्डची ओळख पटवतात ते तिसरा आणि सातवा सूर, आणि तेवढे दोनच पुरतात.

जी मधला साधा ट्वेल्व्ह-बार ब्लूज, म्हणजे बारा मापांचा तीन कॉर्डांचा साचा, घ्या. तिसऱ्या फ्रेटवर, म्हणजे सुराची जागा दाखवणाऱ्या तिसऱ्या रेषेवर, बार धरून फक्त सहावी आणि नववी तार छेडा. बी आणि एफ मिळतात, खाली बेसचा जी, झाला जी सेव्हन्थ. आता त्याच दोन तारांवर बार एक फ्रेट मागे घ्या. बी फ्लॅट आणि ई येतात. बेस सी वर गेला की हाच सी सेव्हन्थ. चौथ्या फ्रेटवर सी आणि एफ शार्प, म्हणजे डी सेव्हन्थ. दोन तारा, शेजारशेजारचे तीन फ्रेट, एकही पेडल नाही, आणि अख्खा ब्लूज उभा राहतो. शिवाय हे सूर बेसच्या नेहमीच्या पट्ट्याच्या वर असल्यामुळे कुणी कुणाच्या अंगावर येत नाही. त्रिकुटात बसण्याआधी एकच गोष्ट पक्की करायची असेल तर ती ही करा. एकल वादनातसुद्धा कॉर्ड बदलतो त्या क्षणी या दोनपैकी एका सुरावर उतरलात, तर मागे कुणी कॉर्ड वाजवत नाही हे ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

याच चुकीचा जोडभाग म्हणजे जुना कॉर्ड वेळेवर न थांबवणं. मोठ्या बँडमध्ये मागचा सूर थोडा पुढे रेंगाळला तरी गिटार नवा कॉर्ड ठणकावून सांगते. इथे तुमचाच जुना कॉर्ड नव्यावर सांडतो आणि बदल कुठे झाला तेच कळत नाही. उजव्या तळहाताने तारा दाबून आवाज तोडण्याचा सराव करा, तोही संथ लयीत, कारण खरी फजिती तिथेच होते.

बेसवाल्याशी न बोलता कॉर्ड ठरवणं

तिसऱ्या फ्रेटवर ए पेडल दाबलं की ई मायनर मिळतो. पण त्याचं पुढे काय होतं ते बेस ठरवतो. बेस जी वर असेल तर तोच जी सिक्स्थ, सी वर असेल तर सी मेजर सेव्हन्थ. तुमचं बोट, पाय, बार काहीच हललं नाही, तरी कॉर्ड बदलला. ही त्रिकुटाची मोठी ताकद आहे, फक्त दोघांना ती माहीत हवी. तालमीत ठरवून घ्या: एकल वादन चालू असताना कॉर्ड बदलला की बेस पहिल्या मात्रेवर मूळ सूर देणार. मग मधल्या मात्रांवर त्याला हवं तिकडे फिरू द्या.

आणि खालच्या तारांचा मोह आवरा. ई नाइनची दहावी तार बेसच्या वरच्या सुरांमध्ये जाऊन बसते. सी सिक्स या दुसऱ्या ट्यूनिंगची सर्वांत खालची तार तर नेहमीच्या जुळणीत बेसच्या उघड्या डी तारेपेक्षाही खाली असते. घरी एकट्याने वाजवताना हा भरदार आवाज फार सुखावतो. बेस आणि किक ड्रम सुरू झाले की त्याचा चिखल होतो. ॲम्पवरचं बेसचं (खालच्या सुरांचं) बटण घरी ठेवता त्यापेक्षा कमी करा आणि मधल्या सुरांचा पट्टा सांभाळा. बेसचं एकल वादन असेल तेव्हा वरच्या तारांवर अधूनमधून आखूड दोन सूर द्या, नाहीतर सरळ गप्प बसा.

प्रत्येक सूर व्हॉल्यूम पेडलने फुलवणं

व्हॉल्यूम पेडल म्हणजे आवाज कमी-जास्त करणारं वेगळं पेडल. तार छेडताना ते बंद, मग हळूच उघडायचं: हा आवाज स्टीलची ओळख आहे हे खरं. पण त्याने सुराची सुरुवातच पुसली जाते. ऐकणाऱ्यापर्यंत सूर पोचतो तेव्हा मात्रा निघून गेलेली असते. ड्रमर म्हणतो स्टील मागे पडतंय, तुम्ही म्हणता ड्रमर पळतोय, आणि दोघंही आपापल्या परीने बरोबर असता. तार छेडताना पेडल साधारण अर्ध्यावर ठेवा. उरलेला अर्धा भाग विरत जाणारा सूर धरून ठेवण्यासाठी आहे. छेडतानाच पूर्ण उघडलंत तर सूर लांबवायला हातात काही उरत नाही.

मींडेचंही तसंच आहे. ती मात्रेवर सुरू झाली तर मुक्कामाला उशिराच पोचणार. आधी निघा, म्हणजे मात्रेवर पोचाल. व्हॉल्यूम पेडलवरून पाय काढून, फक्त ड्रम्सबरोबर दोन-तीन गाणी वाजवा आणि फोनवर रेकॉर्ड करून ऐका. लयीतलं नेमकं दुखणं लगेच उघडं पडतं.

दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर आखूड कॉर्ड मारणं चांगलं, पण तिथे स्नेअर ड्रमचा ठोकाही असतो. सगळं गाणं त्याच्याच डोक्यावर बसून काढू नका. एखाद्या कडव्यात कॉर्ड मात्रेच्या किंचित आधी टाका, एखाद्यात नुसता लांब सूर धरा.

बेसूर होण्याची खरी कारणं न शोधणं

त्रिकुटात सूर लपत नाही, म्हणून इथे जरा थांबतो. पहिली शंका नेहमी कानावर घेतली जाते, पण बऱ्याचदा दोष डोळ्याचा असतो. स्टीलवरचे फ्रेट म्हणजे नुसत्या रेषा, आणि तारा त्यांच्यापासून वर असतात. समोर बसून तिरकं पाहिलं की बार रेषेवर आहे असा भास होतो. नजरेच्या डावीकडे, म्हणजे खालच्या फ्रेटवर, त्यामुळे सूर चढतो. उजवीकडे, वरच्या फ्रेटवर, उतरतो. तुमची चूक अशी दिशा धरून होत असेल तर डोकं थोडं बारबरोबर न्या. वर जाल तशी जागाही आटत जाते: २४ इंची स्केलवर पहिला फ्रेट सुमारे ३४ मिलिमीटरवर येतो, तर बाराव्या-तेराव्यामधलं अंतर जेमतेम १७. तिथे एका मिलिमीटरची चूक दुप्पट महागात पडते. शंका असली की आधी सरळ सूर लावा आणि मग कंप द्या. कंपाने सूर शोधत बसलं की बेससमोर ते लगेच ऐकू येतं.

दुसरं कारण जुळणीचं. स्टीलवाले तिसरा सूर, म्हणजे उघड्या ई कॉर्डमधला जी शार्प, ट्यूनरच्या मध्यरेषेपेक्षा खाली लावतात. पूर्ण गोड लावायचा तर तो जवळजवळ १४ सेंट खाली जातो (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). बेस ई वर असताना हे फार सुरेल लागतं, आणि पियानो नसल्यामुळे त्रिकुटात ही चैन परवडते. गडबड होते ती बेस स्वतः जी शार्पवर येऊन थांबतो तेव्हा. त्याचे फ्रेट समान अंतरांच्या जुळणीचे, तुमची तार खाली. तोच सूर दोन जागी वाजतो आणि घासतो. अशा जागी तिसरा सूर तुम्ही सोडून द्या. तशा जागा फारच येत असतील तर तो सात-आठ सेंटच खाली लावून मधला मार्ग काढा.

तिसरं म्हणजे ए आणि बी पेडल एकत्र दाबल्यावर सगळं वाद्य ताणाने किंचित वाकतं आणि न बदलणाऱ्या तारा जरा उतरतात. ट्यूनर लावून चौथी तार छेडा, दोन्ही पेडल दाबा, सुई सरकताना दिसेल. थोडं उतरणं बहुतेक स्टीलवर असतंच. ई उघडा लावताना तो फरक अर्धा-अर्धा वाटून घ्या. पेडल दाबल्यावरचाच सूर बिघडला असेल तर खुंट्यांना हात लावू नका. खुंटी उघड्या सुरासाठी आहे. पेडलचा सूर दुसऱ्या टोकाला असलेल्या नायलॉनच्या नटवर जुळवायचा, आणि क्रम नेहमी आधी उघड्या तारा, मग पेडल. उलट क्रमाने गेलात तर सगळं पुन्हा करावं लागतं.

मंचावरच्या तक्रारी

गुणगुण येत असेल तर केबल बदलण्याआधी वाद्य थोडं फिरवून बघा. सिंगल कॉइल पिकअप ॲम्पच्या किंवा दिव्यांच्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण उचलतो आणि कोन बदलला की ती कमी होते. शांत गाण्यात एखाद्या ठरावीक सुरावर स्नेअर खरखरला तर त्या गाण्यापुरत्या स्नेअरच्या तारा सैल सोडायला सांगा. ॲम्प पायाशी जमिनीवर ठेवला की तुम्हाला आवाज मंद वाटतो, तुम्ही तो तीक्ष्ण करता आणि समोरच्यांचे कान दुखतात. तो उंचावर ठेवा किंवा मागे कलता. दोन्ही हात, पाय आणि गुडघे गुंतलेले असल्यामुळे शेवटाची खूण मानेनेच होणार, तेव्हा ड्रमरचा चेहरा दिसेल असे बसा.

तुटणारी तार बहुधा तिसरी असते, ०.०११ ची. वारंवार एकाच जागी, पुलाशी (ब्रिजशी) तुटत असेल तर तिथे खाच पडली आहे का बघा. गाण्याच्या मध्यात तुटली तर थांबू नका: सहावी तारही जी शार्पच आहे, एक सप्तक खाली, आणि बी पेडल तिलाही तेवढंच चढवतं. तीच ओळ तिच्यावर घ्या, आणि बेसला त्या वेळी खालीच राहायची खूण करा.