जास्वंदीवरचं सगळंच पांढरं मारू नका

"झाडावर पांढरं आलंय, काय मारू?" असं कुणी विचारलं की मी आधी पान बोटानं पुसायला सांगते. पिठासारखं निघालं तर भुरी, म्हणजे बुरशी. कापसाचे पुंजके आणि पान चिकट, तर पिठ्या ढेकूण, म्हणजे कीड. तरीही गुलाबाच्या भुरीवर इमिडाक्लोप्रिड मारणारे दर थंडीत भेटतातच. कीटकनाशकानं बुरशी मरत नाही, फुलावर येणाऱ्या मधमाश्या तेवढ्या मरतात. भुरीला पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला २ ग्रॅम. पारा ३२ अंशांच्या वर गेला की नको, पानं करपतात. निमतेल मारलं असेल तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्यायचे.

आता जास्वंद. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंच्या जास्वंदीचे शेंडे आखडले होते. "अगं, ढेकूण केवढाले झालेत, पळतातसुद्धा!" पिठ्या ढेकूण असा पळत नाही हो! जवळून पाहिलं तर अंगावर लांब मेणाचे दोरे, ढेकणाच्या दुप्पट-तिप्पट आकार: क्रिप्टोलिमस भुंगेऱ्याच्या अळ्या. हा भुंगेरा १८९८ साली किडी खाण्यासाठीच ऑस्ट्रेलियातून भारतात आणला. काळपट अंग, नारिंगी डोकं. अळीही ढेकूण खाते, मोठा भुंगेराही. काकूंना म्हटलं, आठवडाभर हात लावू नका. धीर कुठला! दुकानदारानं दिलेलं 'जालीम' दुसऱ्याच दिवशी फवारलं. अळ्या गेल्या. ढेकणांची अंडी कापसाच्या पिशवीत सुखरूप राहिली आणि महिन्याभरात जास्वंद पुन्हा पांढरी.

त्यात मुंगळ्यांकडे कुणी बघतच नाही. ढेकणाच्या गोड चिकट्यासाठी ते त्याची राखण करतात, भुंगेऱ्याला हुसकावतात. माझी पद्धत अशी: आखडलेले शेंडे कापून थेट पिशवीत, बाकी झाडावर खालून पाण्याचा जोरदार फवारा, आणि खोडाला चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस. सालीला ग्रीस लावायचं नाही. फांदी खिडकीच्या ग्रिलला टेकत असेल तर तीही छाटा, नाहीतर मुंगळे तिथून चढतात. पानांवरची काळी काजळी त्या चिकट्यावरच वाढते. तिच्यासाठी वेगळं औषध विकत घेऊ नका, ढेकूण गेले की पानं धुवा.

बाकीचं थोडक्यात. गुलाबाच्या पानांवर संध्याकाळी पाणी मारू नका. पानं सात-आठ तास ओली राहिली की काळे ठिपके आलेच. ठिपक्यांची गळलेली पानं कुंडीत खत म्हणून ठेवणाऱ्यांपुढे मी हात टेकलेत. 'दुप्पट डोस, दुप्पट गुण' हे कुणी शिकवलं देव जाणे. शेंडेमर झालेली, म्हणजे शेंड्याकडून वाळत आलेली फांदी हिरव्या भागात दोन इंच खाली कापा आणि दर कापाला सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, स्पिरिटनं पुसा. उन्हाळ्यात पानं फिकट, ठिपकेदार दिसली तर खाली पांढरा कागद धरून फांदी झटका. लालसर टिंबं चालायला लागली तर तो लाल कोळी. त्याला इमिडाक्लोप्रिडनं काही होत नाही, पानांची खालची बाजू रोज पाण्यानं धुवा.