भात खाणाऱ्या घरात सीलिॲक सांभाळताना

माझं हिमोग्लोबिन ७.४ होतं, तेव्हा मी अंगणवाडीत गरोदर बायांना लोहाच्या गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावत होते. चहाबरोबर नको, वर लिंबू पिळलेलं पाणी प्या, एकही दिवस चुकवू नका. तशाच गोळ्या मी स्वतः दीड वर्ष नेमाने घेत होते, तरी रक्त चढत नव्हतं. पोट फुगायचं, रात्री पायांत गोळे यायचे, तोंड सारखं आलेलं असायचं. कुणी अशक्तपणा म्हणालं, कुणी जंत म्हणालं. शेजारणीने रक्त वाढतं म्हणून मायेने गव्हांकुराचा रस आणून दिला आणि मी तो महिनाभर प्यायले. शेवटी गोव्यातल्या एका पोटाच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं: सीलिॲक.

गहू, जव आणि राय (गव्हासारखंच एक धान्य, मोहरी नव्हे) या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की आमच्यासारख्यांचं शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटतं. आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, ती झिजून सपाट होते. लोह, फॉलिक ॲसिड, कॅल्शियम बहुतेक तिथल्या वरच्याच भागात शोषलं जातं. माझी गोळी पोटापर्यंत पोचत होती, रक्तापर्यंत नव्हती.

मी मालवण तालुक्यात राहते. निदान कळल्यावर वाडीतल्या प्रत्येकाने एकच विचारलं, "तू भातच खातंस मां? मगे कसली चिंता?" मलाही पहिले काही महिने तसंच वाटलं, आणि तिथेच मी चुकले. म्हणून हे लिहितेय. कोकणातलं जेवण या आजाराला फार जवळचं आहे, पण आपल्या घरात गहू चपातीच्या रूपाने कमी आणि चोरवाटांनी जास्त येतो.

सगळ्यात आधी तपासणीचं. संशय आला म्हणून स्वतःहून गहू बंद करू नका. टीटीजी-आयजीए ही रक्ताची तपासणी आणि सोबत एकूण आयजीए, मग दुर्बिणीतून लहान आतड्याचे तुकडे काढून तपासणं, हे सगळं गहू खाणं चालू असतानाच करायचं असतं. आधीच बंद केलंत तर अहवाल खोटाच चांगला येतो आणि पुढची कित्येक वर्षं गोंधळात जातात. माझ्या ओळखीतल्या एका मुलीचं असं झालं, तिला तपासणीसाठी परत गहू सुरू करावा लागला आणि त्या दिवसांत तिचे फार हाल झाले.

निदान पक्कं झालं की मग मात्र अर्धवट काही चालत नाही. एका चपातीत अंदाजे तीन ग्रॅम ग्लुटेन असतं, आणि रोज ५० मिलिग्रॅम पोटात जात राहिलं तरी आतड्याला इजा होते. म्हणजे चपातीचा साठावा भाग. चमच्याच्या टोकावर पीठ घेऊन मी हे सासूबाईंना दाखवलं, तेव्हा त्यांना पटलं. तोवर त्यांचं म्हणणं होतं, माणसाला गहू कसा बाधेल? मग मी त्यांना डॉक्टरांनी सांगितलेली हॉलंडची गोष्ट सांगितली. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे युद्धामुळे उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि तेव्हाच विलेम डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञाच्या देखरेखीतली ही सीलिॲकची मुलं सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. गव्हाचा संशय त्यांना आधीपासून होता, तो तिथे पक्का झाला. सासूबाई बराच वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "आमच्या ल्हानपणी घरात गहू खंय होते?" त्या दिवसापासून माझ्या भांड्यांची राखण त्याच करतात.

आता स्वयंपाकघर. पाव, बटर, खारी, बिस्किटं, रवा, शेवया, मैदा हे डोळ्यांना दिसतं. न दिसणारं असं: कोंबडी-वड्यांच्या पिठात बहुतेक घरी गहू घालतात. थालीपिठाच्या भाजणीतही. मेतकुटातही, आणि आजाऱ्याला मऊ भाताबरोबर पहिलं तेच वाढतात! हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात गव्हाचं पीठ किंवा मैदा लिहिलेला असतो. तांदळाचं पीठ किंवा डिंक घातलेला हिंग शोधा, नाहीतर सरळ लसणीची फोडणी द्या, आपल्याकडे ती तशीही जास्त चालते. सोया सॉसमध्ये गहू असतो. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीत जव किंवा गहू असतो. घरी नाचणीला मोड आणून केलेलं सत्त्व मात्र चालतं, फक्त ते कुठे दळलं हे महत्त्वाचं.

दळणावर जरा थांबते, कारण माझे आठ महिने यातच गेले. गव्हाचा कणही खात नव्हते, तरी टीटीजी खाली येईना. डॉक्टर म्हणाले, कुठून तरी जातंय, शोधा. मी एक दिवस गिरणीत नुसती उभी राहून बघत राहिले. माझ्या आधी कुणाचे तरी गहू दळून झाले. त्याच पाट्यांवर माझे तांदूळ पडले. गिरणीच्या तोंडाला बांधलेल्या कापडी नळीतून आधी जे पडलं ते पिवळसर होतं, मग हळूहळू पांढरं झालं. तो पिवळसर थर दर आठवड्याला माझ्या डब्यात येत होता. गिरणीवाल्याचा यात काही दोष नाही, गिरणी सगळ्या गावाची आहे.

घरी आल्यावर पडवीतलं जातं बाहेर काढलं. त्याचे दोन्ही दगड घासून धुतले, दोन दिवस कडक उन्हात ठेवले, छिन्नीने टाकी लावून घेतली. मग दोनदा तांदूळ दळून ते पीठ कोंबड्यांना घातलं आणि तिसऱ्यांदा नाचणी वैरली. खुंट्यावर सासूबाईंचा हात आणि माझा हात. पुढच्या तपासणीत आकडा पहिल्यांदा निम्म्यावर आला. नंतर पैसे साठवून घरघंटी घेतली, तिच्यात गहू कधीच पडत नाही. तुमच्याकडे यातलं काही नसेल तर तांदूळ भिजवून मिक्सरमध्ये वाटा आणि घावणे करा, पिठाचा प्रश्नच येत नाही. बेसनही विकतचं नको, हरभऱ्याची डाळ घरी दळा. आमच्याकडे चपात्या होतात, पण तवा, पोळपाट, लाटणं, पिठाची चाळण वेगळी आहे. लाकडाला आणि चाळणीला पीठ धरून राहतं, म्हणून ही दोन आधी वेगळी करा.

गहू गेला की पोटाचं दुखणं थांबतं, पण भरून निघायचं राहिलेलंच असतं. नुसता पांढरा भात आणि माशाचं सार खाऊन ते भरत नाही, उलट बद्धकोष्ठ होतं. माझा दिवस साधारण असा: सकाळी उकड्या तांदळाची पेज किंवा नाचणीची आंबील. दुपारी भात, कुळथाची पिठी किंवा डाळ, मासा, एक पालेभाजी. रात्री नाचणीची नाहीतर तांदळाची भाकरी. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळात त्यापुढे काहीच नाही. नाचणीला मोड आणले तर त्यातलं लोह आणि कॅल्शियम अंगाला जास्त लागतं. तारल्या बारीक असतील तर काट्यासकट खाव्यात, त्यांत कॅल्शियमही आहे आणि ड जीवनसत्त्वही. तिसऱ्यांत बी-१२ आणि लोह, कालवांत जस्त. शेवग्याचा पाला आणि पावसाळ्यात टाकळा फुकट मिळतो. विकतची ग्लुटेन-फ्री बिस्किटं सोयीची असतात, पण त्यांत बहुतेक स्टार्च आणि साखर. तो शिक्का म्हणजे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन, एवढाच अर्थ. पौष्टिक असा त्याचा अर्थ नाही.

सुरुवातीला दूध पचलं नाही तर घाबरू नका. दुधातली साखर पचवणारा रस त्याच झिजलेल्या लवेत तयार होतो. मला तीनचार महिने दूध बंद ठेवावं लागलं, आता चहा दुधाचाच पिते. ओट्स मात्र स्वतःच्या मनाने सुरू करू नका, त्यात शेतापासून कारखान्यापर्यंत कुठेही गहू मिसळलेला असू शकतो.

गोळ्यांबद्दल माझं ठाम मत आहे: आधी रक्त तपासा, मग गोळी. लोह म्हणजे फेरिटिनसकट (अंगातला लोहाचा साठा), बी-१२, फॉलिक ॲसिड, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, आणि थायरॉइडही, कारण ते दुखणं सीलिॲकबरोबर बऱ्याचदा असतं. जे कमी, तेच डॉक्टरांकडून लिहून घ्या. लोहाची गोळी उपाशीपोटी लिंबूपाण्याबरोबर, पोटात मळमळलं तर थोडं खाऊन. चहा तिच्या आधी-नंतर दीड-दोन तास नको. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेतलं तर लोह वाया जातं, म्हणून मी लोह सकाळी आणि कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर घेते. थायरॉइडची गोळी असेल तर तिच्यात आणि या दोन्हींत चार तास सोडा. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक असते, रोजची नव्हे, आणि ठरलेले आठवडे संपले की थांबायचं. बरं वाटतंय म्हणून कुणी वर्षभर घेत राहिलं तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला त्रास होतो.

गोळीतही गव्हाचा स्टार्च असू शकतो. औषधाच्या दुकानात वेष्टन मागून घटक वाचा, किंवा कंपनीच्या नंबरावर विचारा. टॉनिक आणि चूर्ण घेताना यव आणि गोधूम हे शब्द शोधा, म्हणजे जव आणि गहू. गव्हांकुराचा रस तर नकोच, रोपाबरोबर दाणा येऊ शकतो.

गहू खरोखर सुटला आणि लव परत आली की त्याच गोळ्या लागू पडतात. जात्यावर आल्यानंतर वर्षभरात माझं हिमोग्लोबिन ११.८ झालं. दर सहा महिन्यांनी टीटीजी करत होते, आता वर्षाने करते. हाडांची घनता एकदा मोजून घ्या, विशेषतः बायकांनी. सख्ख्या नात्यात दहातल्या एकाला हा आजार असू शकतो, म्हणून मुलाचीही तपासणी केली. त्याची चांगली आली आहे, पण दोनेक वर्षांनी परत करणार आहे.

बाहेरचं खाणं अवघड आहे, खोटं कशाला सांगू. मासे तांदळाच्या पिठात तळून दिले तरी त्याच तव्यावर रव्यातली सुरमई तळलेली असते. मी कढी-भात आणि सुकं मागते, मसाल्यात पीठ घातलंय का ते आत जाऊन विचारते. लग्नाला डबा नेते. दिवाळीत मात्र आपल्यासारखं भाग्य कुणाचं नाही: गूळपोहे, दहीपोहे, दूधपोहे, सगळे चालतात. गणपतीत उकडीचे मोदक, नागपंचमीला पातोळे, शिरवाळे आणि नारळाचा रस, फणसाचं सांदण, हे सगळं तांदळाचं आहे, फक्त पीठ आपल्या घरचं हवं.

सत्यनारायणाच्या शिऱ्याचं मनाला फार लागायचं. प्रसाद नाही कसा म्हणायचा? एकदा हातात घेऊन नुसता कपाळाला लावला आणि नवऱ्याकडे दिला, तर शेजारची वहिनी दुखावली. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे जाऊन चपातीचा साठावा भाग तिलाही दाखवला. यंदा तिच्याकडे पूजा होती. शिऱ्याआधी, धुतलेल्या कढईत, तिने माझ्याकडून नेलेल्या तांदळाच्या कण्यांचा शिरा केला, केळं घालून, तुळशीचं पान ठेवून, आणि दोन्हींचा नैवेद्य दाखवला. तुमच्या शेजारी कुणी असेल तर हे जरूर करा. कण्या तुपावर गुलाबी भाजायच्या, दुप्पट गरम पाणी घालून झाकण ठेवायचं, पूर्ण शिजल्यावरच साखर घालायची. आधी घातली तर कणी कडक राहते.