हूकरची पत्रं उतरवताय? या चुका टाळा

जोसेफ डाल्टन हूकर (१८१७–१९११) म्हणजे वनस्पतिशास्त्रज्ञ, डार्विनचा जिवलग मित्र, १८६५ ते १८८५ लंडनजवळच्या क्यू वनस्पती उद्यानाचा संचालक, आणि अक्षर असं की पहिल्याच ओळीत घाम फुटावा. त्याची पत्रं स्कॅनवरून टाइप करण्याचं काम स्वयंसेवक घरबसल्या करत आले आहेत. त्यात नुकसान होतं ते न लागलेल्या अक्षरापेक्षा ठोकून दिलेल्या अंदाजामुळे. मोकळी सोडलेली जागा तपासणाऱ्याला दिसते. बेमालूम बसलेला चुकीचा शब्द सहज सुटतो. अडलं की प्रकल्पाने ठरवलेली खूण टाका आणि पुढे सरका.

सगळ्यात जास्त घोळ सुधारणांचा. १८४८-४९ मध्ये हूकर सिक्कीमच्या हिमालयात भटकत होता. तो दार्जिलिंगला ‘डोर्जिलिंग’ लिहितो, कांचनजंगाला ‘किंचिनजंगा’. तसंच ठेवा. ऱ्होडोडेंड्रॉन या फुलझाडाची एक जात थॉमसनच्या नावाची आहे. तिच्या लॅटिन नावातला दुसरा शब्द तेव्हा मोठ्या टीने सुरू व्हायचा आणि एका आयवर संपायचा. आज टी लहान आणि आय दोन. पण तुम्ही पत्र उतरवताय, आजची वनस्पतियादी नाही. गंमत म्हणजे असे ‘शहाणपणाचे’ बदल ब्राउझरचा स्पेलचेक सुचवत राहतो, नाहीतर ऑटोकरेक्ट परस्पर करतो. बसण्याआधी दोन्ही बंदच करा.

वनस्पतीचं नाव लागत नसेल तर आधी त्याच पानावरचे नक्की लागलेले शब्द धरा: महिना, ‘माय डिअर’, सही. त्यांतली वळणं अडलेल्या शब्दाशी ताडून पाहा. मग आयपीएनआय या आंतरराष्ट्रीय वनस्पतीनाम सूचीत सुरुवातीची तीन-चार अक्षरं टाका. सापडलेलं नाव पत्राच्या तारखेनंतर छापलेलं असेल तर संशय घ्या, पण लगेच बाद करू नका. वनस्पतिशास्त्रज्ञ नवी नावं छापण्याआधीही पत्रांत वापरत. नावामागचं ‘वॉल.’ म्हणजे भिंत नव्हे, ते नाव देणारा वनस्पतिशास्त्रज्ञ वॉलिच. टिंबासकट उतरवा.

त्या काळच्या पुष्कळ लोकांच्या लिखाणात जोड एसमधला पहिला एस लांब शेपटाचा, एफसारखा असतो. ‘मिस’चं ‘मिफ्स’ होतं ते यामुळेच. ‘वुड’, ‘शुड’ यांची आखूड रूपं सोडवायची की तशीच ठेवायची, ते प्रकल्पाच्या सूचनांत बघा.

कागद आणि टपालखर्च वाचवायला काही जण भरलेलं पान आडवं धरून त्यावरच पुन्हा लिहीत. अशा वेळी स्कॅन ९० अंशांत फिरवा आणि एका वेळी एकाच दिशेच्या ओळी घ्या. पातळ कागदातून मागची शाई उमटली असेल तर प्रतिमा आरशासारखी उलटवा. जी अक्षरं सुलट झाली ती पाठीमागची.

सही आली म्हणजे पत्र संपलं असं समजू नका. जागा संपली की ता. क. पहिल्या पानाच्या माथ्यावर किंवा समासात जायचा. सेव्ह करण्याआधी तिथे एकदा नजर टाका.