शॅम्पूची बाटली मागून वाचायला शिका

लातुरात माझं छोटं पार्लर आहे, अठरा वर्षं झाली. चार वर्षांपूर्वी माझ्या बोटांच्या बेचक्यांत सतत खाज सुटायला लागली. कातडी फाटायची, लिंबू पिळलं तरी कळ डोक्यात जायची. सगळे म्हणाले, दिवसभर पाण्यात हात, होणारच. शेवटी ॲलर्जी कशाची ते बघायला त्वचेच्या डॉक्टरांनी पाठीवर पॅच टेस्टच्या पट्ट्या चिकटवल्या, दोन दिवसांनी काढल्या, तर एका चौकोनाखाली लालभडक चट्टा. नाव होतं मिथाइलआयसोथायाझोलिनोन. शॅम्पू नासू नये म्हणून घालतात ते.

त्या रात्री पार्लरमधल्या सगळ्या बाटल्या फरशीवर मांडल्या आणि मोबाईलच्या उजेडात एकेक वाचली. सातपैकी चारांवर ते नाव सापडलं. त्यातल्या एकीवर पुढे मोठ्या अक्षरांत ‘पॅराबेन-फ्री’ लिहिलेलं. पॅराबेनही शॅम्पू नासू नये म्हणूनच घालतात. ते काढलं, पण त्याच्या जागी जे घातलं त्यानेच माझे हात सोलले. तेव्हापासून मी बाटलीची मागची बाजू आधी वाचते, आणि गिऱ्हाइकांनाही तेच शिकवते.

मागच्या घटकांच्या यादीत जे सगळ्यात जास्त ते सगळ्यात आधी, हा नियम. म्हणून पहिलं नाव जवळपास नेहमी पाणी. मात्र जे घटक १ टक्का किंवा त्याहून कमी असतात ते शेवटी कुठल्याही क्रमाने लिहायची मुभा आहे. मग ही १ टक्क्याची रेघ ओळखायची कशी? फेनॉक्सीइथेनॉल शोधा, तेही शॅम्पू टिकवण्यासाठीच घालतात. ते १ टक्क्याहून जास्त घालता येत नाही, त्यामुळे त्याच्यानंतर जे काही आलं ते सगळं १ टक्का किंवा त्याच्या आतलंच. बाटलीवर बदामाचं चित्र आणि बदामतेल फेनॉक्सीइथेनॉलच्याही खाली, असं दिसलं की ते भाजीवर भुरभुरलेल्या कोथिंबिरीइतकं समजा. खरा शॅम्पू पहिल्या पाच-सहा नावांतच असतो.

त्यात पाण्यानंतर येतो मळ काढणारा घटक. सोडियम लॉरिल सल्फेट आणि सोडियम लॉरेथ सल्फेट ही नावं घाईत एकच वाटतात, पण त्या ‘थ’वर बोट ठेवून वाचा. लॉरिल कडक, टाळू कोरडी पाडणारं. लॉरेथ त्याच्यापेक्षा सौम्य आणि आपल्याकडच्या बहुतेक शॅम्पूंत तेच असतं. त्याच्या पाठोपाठ कोकामिडोप्रोपिल बेटेन दिसलं तर बरं, कारण ते पहिल्याचा तिखटपणा कमी करतं. डेसिल ग्लुकोसाइड किंवा सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट वर असेल तर शॅम्पू बराच मऊ. पण ‘सल्फेट-फ्री’ लिहिलंय म्हणून लगेच भुलू नका. त्यात सोडियम सी १४-१६ ओलेफिन सल्फोनेट असेल, तर तेही तेल चांगलंच ओरबाडून काढतं. आणि शनिवारी रात्री वाटीभर खोबरेल चोपडून रविवारी न्हाणाऱ्या बाईला अगदी मऊ शॅम्पू एका धुण्यात पुरतच नाही. तिने लॉरेथवालाच घ्यावा, त्यात काही वावगं नाही.

यादीतलं सोडियम क्लोराईड म्हणजे आपलं मीठ. ते शॅम्पूला घट्टपणा आणतं. त्याला घाबरायचं कारण नाही, पण शॅम्पू दाट आहे म्हणजे माल जास्त आहे, असंही नाही. डायमेथिकोन किंवा डायमेथिकोनॉल म्हणजे सिलिकोन. ते केसावर पातळ थर चढवतं, गुंता सुटतो, चमक येते. जाड, रुक्ष केसांना छान, पण पातळ आणि तेलकट केस त्याने दुसऱ्याच दिवशी चपटे पडतात. ग्वार हायड्रॉक्सीप्रोपिलट्रायमोनियम क्लोराईड हे अवाढव्य नाव गवारीच्या बियांच्या डिंकापासून केलेल्या पदार्थाचं आहे. केस मऊ करतो तो.

हिरव्या शॅम्पूचा हिरवेपणा कोरफडीचा की रंगाचा, तेही मागेच कळतं. सीआय १९१४० पिवळा, सीआय ४२०९० निळा. दोन्ही दिसले की झाला हिरवा.

आयुर्वेदिक बाटलीवर यादीची पद्धत वेगळी असते. ‘प्रत्येक १० मिलीमध्ये’ म्हणून वनस्पतींची मिलिग्रॅममध्ये मापं आणि शेवटी ‘शॅम्पू बेस, क्यू. एस.’ म्हणजे लागेल तितका. हिशोब करा: माका ५० मिलिग्रॅम म्हणजे १० मिलीत अर्धा टक्का. केस धुणारा तो बेस, आणि त्यात काय आहे हे कित्येकदा लिहिलेलंच नसतं. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. माझ्यासारख्या ॲलर्जीवाल्या बाईने मग काय बघून घ्यायचं?

पुडीचंही तसंच. ६० मिलीहून लहान पॅकवर घटकांची यादी छापायची सक्ती नाही. पुडी वापरत असाल तर दुकानात त्याच शॅम्पूची मोठी बाटली मागून वाचून घ्या.

आमच्याकडे बोअरचं पाणी जड. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, त्या दिवसांत तर मिळेल त्या पाण्याने केस धुतले. ‘ताई, केस लई चिकट व्हायलेत’ म्हणत येणाऱ्या कितीतरी जणी शिकेकाईच्या साबणवडीने न्हायच्या. साबण जड पाण्यात फुटतो आणि त्याचा पांढरा चिकटा केसांत बसतो. शॅम्पूचं तसं होत नाही. यादीत डायसोडियम ईडीटीए असेल तर आणखी चांगलं, ते पाण्यातला कॅल्शियम धरून ठेवतं.

कोंड्यासाठी पिरोक्टोन ओलामाइन किंवा झिंक पायरिथिओन हे नाव शोधा, नुसत्या लिंबाच्या चित्रावर जाऊ नका. फेस तीन-चार मिनिटं टाळूवर राहू द्या, लगेच धुतला तर औषध गटारात जातं. २ टक्के कीटोकोनॅझोल मात्र औषध आहे, डॉक्टरांना विचारूनच.

दोन शॅम्पूंत निवडायचं असेल तर दोन्ही याद्यांचे फोटो काढून शेजारी शेजारी ठेवा आणि सारखी नावं खोडत जा. मागच्या महिन्यात एका गिऱ्हाइकाच्या मुलीने असंच केलं. एक बाटली दुसरीच्या तिप्पट किमतीची, आणि पहिली सहा नावं अगदी त्याच क्रमाने. उरला तो वास आणि रंग. किंमत ताडताना १०० मिलीचा भाव काढा, बाटल्यांची मापं वेगवेगळी असतात.

बहुतेकांना त्या आयसोथायाझोलिनोनने काही होत नाही. पण हात किंवा मानेची कातडी सारखी खाजत असेल, तर नावाच्या शेवटी ‘थायाझोलिनोन’ येतं का ते बघा. भांडी घासायच्या लिक्विडमध्येही ते असू शकतं. माझे हात बाटल्या बदलल्यावर सहा आठवड्यांत भरले. तरीही नवी बाटली आली की मी मागची बाजू पुन्हा वाचते, कारण नाव आणि झाकण तेच ठेवून आतला माल बदललेला मी दोनदा पाहिला आहे.