शेअर्ड फोल्डर पासवर्ड घेत नाही? या चुका टाळा

विंडोज, लिनक्स आणि मॅक एकाच नेटवर्कवर असले, की हे कधी ना कधी होतंच. नॅसवरचं (नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या पेटीवरचं) किंवा साम्बा सर्व्हरवरचं (साम्बा म्हणजे लिनक्सवरून विंडोजच्या पद्धतीने फोल्डर शेअर करणारं सॉफ्टवेअर) फोल्डर उघडायला जावं, पासवर्ड अगदी बरोबर टाकावा आणि तीच विंडो पुन्हा पासवर्ड मागत समोर यावी. मग लोक तोच पासवर्ड आणखी सावकाश टाइप करतात. त्याने क्वचितच काही साधतं. तुमच्या संगणकाने सर्व्हरला कोणाच्या नावाने हाक मारली, हे त्या विंडोत दिसत नाही आणि घोळ बहुतेक वेळा तिथेच असतो.

एरर न वाचता सेटिंग बदलू नका

विंडोजच्या एररमधला आकडा आधी बघा. १३२६ म्हणजे नाव किंवा पासवर्ड नाकारला गेला. ५ आला, तर बहुधा ओळख पटलेली असते, पण त्या नावाला परवानगी नसते; अशा वेळी पासवर्ड बदलून उपयोग नाही, फोल्डरच्या परवानग्या तपासायच्या. ५३ म्हणजे लॉगिनपर्यंत गाडी पोचलीच नाही. सर्व्हरचं नाव सापडत नसेल किंवा फायरवॉलने फाइल शेअरिंगचं पोर्ट ४४५ अडवलं असेल.

लिनक्सवर फोल्डर थेट माउंट करायला, म्हणजे आपल्या फाइल्समध्ये जोडून घ्यायला गेलात, तर चुकीचा पासवर्ड आणि नसलेली परवानगी या दोन्हींसाठी एरर १३, ‘परमिशन डिनाइड’, एवढंच दिसतं. म्हणून आधी ‘एसएमबीक्लायंट’ या कमांडने जोडून बघा. तो ‘लॉगऑन फेल्युअर’ आणि ‘ॲक्सेस डिनाइड’ वेगवेगळं सांगतो.

लिनक्सचा पासवर्ड साम्बाला चालेल, असं धरू नका

सर्वांत जास्त वेळ इथे वाया जातो. साम्बा आपले पासवर्ड वेगळे ठेवतो आणि त्याला कारण आहे. एनटीएलएम या विंडोजच्या लॉगिन पद्धतीत पासवर्ड नेटवर्कवरून जातच नाही. सर्व्हर एक आकडा पाठवतो, क्लायंट, म्हणजे जोडू पाहणारा संगणक, पासवर्डच्या हॅशवरून (पासवर्डपासून गणिताने काढलेल्या ठशावरून) त्याचं उत्तर काढतो आणि सर्व्हर ते ताडून बघतो. त्यासाठी साम्बाला विंडोजच्या पद्धतीचा हॅश लागतो. लिनक्सने जपलेला हॅश वेगळ्या प्रकारचा, त्यामुळे इथे निरुपयोगी. म्हणून यूजर आधी लिनक्समध्ये असावा लागतो आणि मग ‘एसएमबीपासडब्ल्यूडी’ कमांडला ‘-ए’ पर्याय देऊन तो साम्बातही घालावा लागतो. कोण कोण नोंदलंय, ते ‘पीडीबीएडिट’ला ‘-एल’ दिलं की दिसतं. पुढे कधी लिनक्सचा पासवर्ड बदललात, तर साम्बात सहसा जुनाच राहतो, हे विसरू नका.

मॅकवरही असंच एक वळण आहे. फाइल शेअरिंग चालू केलं तरी विंडोजवाल्यांसाठी त्याच्या ‘ऑप्शन्स’मध्ये त्या खात्यावर वेगळी खूण करून पासवर्ड पुन्हा द्यावा लागतो.

पिन म्हणजे पासवर्ड नव्हे

विंडोजवरचं फोल्डर दुसरीकडून उघडताना पिन चालत नाही. पिन त्या एका संगणकापुरताच असतो. मायक्रोसॉफ्ट खातं असेल, तर नावाच्या जागी ईमेल पत्ता आणि त्या खात्याचा खरा पासवर्ड द्यावा लागतो. माझं स्पष्ट मत: शेअरिंगसाठी एक साधं लोकल खातं वेगळं काढा आणि लॉगिन करताना नावाआधी त्या संगणकाचं नाव व बॅकस्लॅश लावा. खात्याला पासवर्ड हवाच. पासवर्ड नसलेल्या लोकल खात्याने विंडोज नेटवर्कवरून आत येऊ देत नाही.

जुनी ओळख तशीच ठेवून नवी देऊ नका

सर्व्हरला हात लावताच विंडोज तुम्हाला न विचारता तुमचं विंडोजचं नाव पुढे करतं. साम्बात ‘मॅप टू गेस्ट’ला ‘बॅड यूजर’ ठेवलेलं असलं, तर अनोळखी नाव पाहुणा म्हणून गुपचूप आत घेतलं जातं. उघडं फोल्डर दिसतं, खासगी फोल्डर दिसत नाही. आता तुम्ही खरं नाव देता आणि एरर १२१९ येतो, कारण एका सर्व्हरशी एकाच वेळी दोन नावांनी जोडायला विंडोज नाही म्हणतं. ‘नेट यूज’ कमांडने चालू जोडण्या बघा, ‘डिलीट’ देऊन तोडा आणि विंडोज पासवर्ड जपतं त्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधली जुनी नोंद काढा. तरीही अडलं, तर साइन आउट करून पुन्हा या. मॅकवर हीच जुनी नोंद कीचेनमध्ये सापडते.

एसएमबी १ चालू करू नका

एसएमबी म्हणजे विंडोजची नेटवर्कवरून फाइल्स शेअर करायची पद्धत आणि १ ही तिची जुनी आवृत्ती. जुना नॅस जोडला जात नाही म्हटलं, की ती चालू करण्याचा सल्ला पहिला मिळतो. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला तो याच आवृत्तीतल्या भगदाडातून. त्याच वर्षी विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमधून ती टप्प्याटप्प्याने काढायला सुरुवात झाली; साम्बाने २०१९ मध्ये ४.११ पासून ती बंद ठेवली. लिनक्सवर माउंट करताना एरर ११२, ‘होस्ट इज डाउन’, आला आणि सर्व्हर तर पिंगला उत्तर देतोय, तर आवृत्ती जुळत नसल्याचा संशय घ्या. नॅसचं फर्मवेअर अपडेट करा. अपडेटच मिळत नसेल, तर त्यातला डेटा बाहेर काढून तो नॅस निवृत्त करा.

पाहुणा म्हणून पासवर्डशिवाय जाणंही आता अडतं. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ मध्ये साइनिंग, म्हणजे प्रत्येक संदेशावर डिजिटल सही, सक्तीचं आहे आणि पासवर्ड नसेल तर सही करायला किल्लीच तयार होत नाही. सुरक्षा शिथिल करण्यापेक्षा नॅसवर एक यूजर बनवणं सोपं.

काही छोट्या गोष्टी

पासवर्डमध्ये स्वल्पविराम असेल, तर लिनक्सच्या माउंट पर्यायांत तो तिथेच तुटतो. नाव आणि पासवर्ड वेगळ्या क्रेडेन्शियल्स फाइलमध्ये ठेवा आणि ती फक्त रूटला (लिनक्सच्या मुख्य खात्याला) वाचता येईल असं करा.

डोमेनमध्ये, म्हणजे कार्यालयाच्या एकाच सर्व्हरवरून खाती चालतात अशा नेटवर्कमध्ये, घड्याळं पाच मिनिटांहून जास्त चुकली, की कर्बेरॉस ही तिथली ओळख पटवणारी पद्धत नकार देते. आयपीने जोडणी होते आणि नावाने होत नाही, असं दिसलं तर घड्याळ आणि डीएनएस (नावावरून आयपी पत्ता शोधणारी सेवा) बघा, कारण आयपी दिला की विंडोज सहसा कर्बेरॉस सोडून एनटीएलएम वापरतं.

लिनक्स-युनिक्सची फाइल शेअरिंग पद्धत एनएफएस वापरत असाल, तर नेहमीच्या मांडणीत पासवर्डचा प्रश्नच नसतो. यूजरचा क्रमांक चालतो. मॅकवर पहिला यूजर ५०१ आणि बऱ्याच लिनक्सवर १०००, त्यामुळे नाव एकच असूनही फाइल परक्याची ठरते.

एवढं करूनही उलगडा झाला नाही, तर साम्बाची लॉग लेव्हल ३ करा, एकदाच लॉगिन करून बघा आणि लॉग वाचा. कोणतं नाव आलं आणि ते का नाकारलं, हे तिथे लिहिलेलं मिळतं. काम झालं की लेव्हल परत खाली आणा, नाहीतर लॉग फुगत जातो.